फिनलंड : एक

जयश्रीचं काम नेमकं काय, हे तंजावरच्या दक्षिण वीथीत कुणालाच धड सांगता येत नसे. ‘कंप्यूटरवर चुका काढते’ एवढ्यावर गल्लीने समाधान मानलं होतं, आणि खरं सांगायचं तर गल्ली फारशी चुकलेली नव्हती. चाळिशीला टेकलेली, बिनलग्नाची बाई दिवसभर घरात बसून पडद्याकडे बघते, यात गल्लीला खरा रस तिच्या लग्नापुरता होता. पुढे त्याचाही कंटाळा आला आणि लोकांनी तिला तिच्या कामासकट सोडून दिलं.

काम तसं सोपं होतं, फक्त समजावून सांगायला कटकटीचं. वेबसाइटचं पान दोघं वाचतात, एक माणूस आणि एक शोधयंत्र. माणसाला ‘रविवारी संध्याकाळी गाणं आहे, या’ एवढं पुरतं. यंत्र पडलं मठ्ठ. त्याला पानाच्या पोटात वेगळी चिठ्ठी लिहून द्यावी लागते, की हे कार्यक्रमाचं नाव, ही तारीख, ही जागा, हा आयोजक. तिला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. चिठ्ठी नीट असली की यंत्र खूष होतं आणि शोधणाऱ्याला पान न उघडताच, बाहेरच्या बाहेर, तारीख आणि जागा दाखवतं. मेडिकल कॉलेज रोडवरच्या कार्तिकच्या छोट्या कंपनीकडे अशी शेकडो पानं यायची. कुणाचं लॉज, कुणाचं दाताचं क्लिनिक, कुणाचं मंगल कार्यालय. जयश्री त्यांच्या चिठ्ठ्या तपासणीतून काढायची. लाल खूण म्हणजे चूक, दुरुस्त केलीच पाहिजे. पिवळी म्हणजे हे असतं तर बरं झालं असतं. हिरवी म्हणजे पास.

कंपनीत नवीन आलेल्या पोरांना ती पहिल्याच दिवशी दम द्यायची, हिरवं म्हणजे खरं असं समजू नका. तारखेच्या जागी तारीख आहे एवढंच तपासणी बघते, ती तारीख बरोबर की चूक हे तिच्या बापालाही ठाऊक नसतं. हे सांगताना ती जरा ऐटीतच असायची. ती ऐट पुढे तिच्याच अंगाशी आली.

या शेकडो पानांत एकच पान तिचं स्वतःचं होतं. ते तिच्या आईचं होतं.

आई, राजम, त्याच घराच्या पुढच्या खोलीत गाणं शिकवायची. तिरुवैयारुपासून पापनाशमपर्यंतच्या मुली बसने यायच्या, तंबोरा मांडीवर घ्यायच्या आणि संध्याकाळच्या बसने जायच्या. ती गेल्यावर दरवर्षी तिच्या तिथीला त्याच मुली, आता बायका झालेल्या, एकत्र येऊन गात. सगळ्या तमिळ घरांतल्या. शांभवी त्यांच्यात थोरली, जमवाजमव तीच करायची. जयश्रीने या गाण्याचं एक साधं पान केलं होतं, थोडं तमिळमध्ये, थोडं इंग्रजीत. देवनागरी नव्हतीच. घरात बोलणं आपल्या तंजावरी मराठीत होत असलं तरी देवनागरी वाचणारे घरात एकटे तिचे वडील, अप्पा. जयश्रीला अक्षरं जोडून जोडून चार शब्द यायचे, पाचव्याला दम लागायचा.

आता पान कुणासाठी, हे सांगायला हवं. गाणाऱ्या बायकांना फोन पुरत होता. पान होतं श्रीहर्षसाठी.

श्रीहर्ष तिचा थोरला भाऊ, कागदाच्या यंत्रांचा इंजिनियर, फिनलंडमध्ये नोकरीला. आई गेली तेव्हा तो विमानात होता. उद्या सकाळपर्यंत थांबा असा त्याचा निरोप आला होता. अप्पा थांबले नाहीत. रात्रभर देह ठेवायचा नाही म्हणाले आणि संध्याकाळीच सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीहर्ष बॅग घेऊन दारात उभा राहिला. "एक रात्र थांबायला झालें नाहीं कां अप्पा?" एवढंच विचारलं त्याने. भरल्या घरादेखत अप्पा म्हणाले, "जिवंतपणीं बघायला सवड नव्हती तुला. आतां राखेवर हक्क सांगायला आलास?"

श्रीहर्षने बॅग उचलली आणि तो तसाच मागे फिरला. उंबरठा ओलांडून आत आला नाही. जयश्री कोपऱ्यापर्यंत धावली, पण ऑटो निघून गेली होती. त्याचा नंबर बदलला, पत्राला उत्तर आलं नाही. मग वर्षं गेली. अप्पांनी त्यानंतर त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. अप्पा, म्हणजे बाळकृष्णराव, सरकारी शाळेत हयात घालवलेले मास्तर. एकदा फळ्यावर लिहिलेलं पुसायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. आणि जयश्रीला भाऊ हवा होता. तिला त्याची आठवण यायची ती सणावाराला नव्हे, तर साध्या दुपारी, रसम उतू गेलं की, कारण ते उतू गेलं की ओरडायला पूर्वी कुणीतरी असायचं.

पानाला किती जणांनी पाहिलं याचा अहवाल शोधयंत्र देतं. कुणी पाहिलं ते सांगत नाही, देश तेवढा सांगतं. गेल्या वर्षी अहवाल बघताना तिला एक ओळ दिसली. भारत, अमेरिका, सिंगापूर यांच्या खाली, तळाला : फिनलंड. दिसलं, एक. उघडलं, शून्य.

आईची एकही विद्यार्थिनी फिनलंडात नव्हती. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दिसलं, एक. उघडलं, शून्य. कार्तिकला तिने सहज म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "रोबो असेल कुठला तरी. तिकडे सर्व्हर पुष्कळ आहेत." हे तिलाही माहीत होतं. तरीही, त्या दिवसापासून कार्तिकशी या विषयावर बोलणं तिने बंद केलं.

तिला वाटायचं, श्रीहर्ष रात्री आईचं नाव टाइप करतो, यादीत पान दिसतं, आणि तो नुसता बघून परत फिरतो. आत येत नाही. तो अप्पांचाच मुलगा होता, वेगळं काय करणार? मग त्याला जे सांगायचं ते बाहेरच दिसलं पाहिजे, पान न उघडता. आणि नेमकी हीच तर तिची रोजीरोटी होती. दुनियेच्या लॉजच्या चिठ्ठ्या तपासणाऱ्या बाईने आईच्या पानात चिठ्ठीच लिहिली नव्हती.

तिने एका सकाळी ती लिहिली. कार्यक्रमाचं नाव, घराचा पत्ता, आईचा तंबोऱ्यासह फोटो. तारखेसाठी शांभवीला फोन केला. "आनि महिन्यातली शुक्ल सप्तमी, अक्का. कॅलेंडर बघून सांगते," शांभवी तमिळमध्ये म्हणाली आणि आनि या तमिळ महिन्यातल्या एका रविवारची तारीख दिली. जयश्रीनेही भिंतीवरच्या, रोज एक पान फाडायच्या तमिळ कॅलेंडरात ती पडताळून पाहिली. अप्पांकडे मराठी पंचांग होतं, पोस्टाने यायचं, पण ते देवनागरीत. आणि अप्पांना विचारायचं म्हणजे पुढे चार प्रश्न आले असते, आणि चौथा श्रीहर्षपाशी पोचला असता. म्हणून ती मूग गिळून बसली.

तपासणीने एक पिवळी खूण दाखवली. आयोजक नाही. तेवढं तरी विचारायलाच हवं होतं. अप्पा ओट्यावर पेपर वाचत होते.

"अप्पा, अम्माच्या गाण्याच्या पानांत तुमचें नाव घालूं कां? बोलावणारे म्हणून?"

"नको," पेपर खाली न घेता अप्पा म्हणाले. "गाणारे गातील. माझें नाव कशाला?"

पिवळ्याने काही अडत नाही. तिने ते तसंच सोडलं. बाकी सगळं हिरवं होतं. दोन-तीन दिवसांत शोधात पानाखाली तारीख, जागा आणि तंबोऱ्याचा फोटो दिसायला लागला. आणि अहवालात तळाला फिनलंड. दिसलं, एक. त्याने तारीख पाहिली, असं ती मनाशी म्हणाली. दिवसभर मग कामात तिचं लक्ष लागलं नाही. एका दंतवैद्याचा पत्ता तिने दोनदा पास केला.

रविवार चार दिवसांवर आला आणि शांभवीने सुराची पेटी कधी आणू ते विचारायला घरी फोन केला. तो अप्पांनी घेतला. जयश्री मागच्या दारातून आली तेव्हा ते कॅलेंडरासमोर उभे होते.

"जया, येत्या रविवारीं गाणें आहे म्हणे."

"हो अप्पा. सप्तमी."

"कोणाची सप्तमी?"

"अम्माची."

"तुझी अम्मा आषाढांत गेली. यंदा ज्येष्ठ दोनदां आला. आषाढ अजून लागायचा आहे." अप्पांनी चष्मा काढला. "तमिळांचा महिना सूर्यावर चालतो, आपला चंद्रावर. इतकीं वर्षें दोन्ही एकत्र पडूंलागलीं, म्हणून कोणाला कळलें नाहीं. लोकांना महिनाभर आधीं बोलावून बसलीस."

घरात मराठी बोलायचं आणि दिवस तमिळ कॅलेंडरातून फाडायचे, यात कधी काही बिघडलं नव्हतं. या वर्षी अधिक महिन्याने दोन्हींत फट पाडली आणि जयश्री बरोबर त्या फटीत पडली होती. तपासणीची हिरवी खूण मात्र अजून डौलात उभी होती.

बायकांना फोन गेले. अर्ध्या तासात सगळ्यांना कळलं, कुणाला वाईटही वाटलं नाही, उलट पापनाशमच्या एकीच्या घरी त्या रविवारी बारसं होतं, ती सुटली. चिठ्ठीत ‘तारीख बदलली’ अशी खूण करून जुनी तारीखही लिहायची सोय असते. जयश्रीने ते केलं. नवी तारीख घातली, तपासलं, यंत्राला पुन्हा येऊन वाचायची विनंती पाठवली. पण यंत्र आपल्या सवडीने येतं. दुसऱ्या दिवशीही शोधात जुनाच रविवार. तिसऱ्या दिवशीही.

साऱ्या जगात एकच माणूस असा होता की ज्याला फोन करता येत नव्हता. तो त्या रविवारी आला, आणि घरात गाणं नाही, माणसं नाहीत, दारावर कुणी नाही असं त्याने पाहिलं, तर? एकदा तो याच दारातून परत गेला होता. दुसऱ्यांदा गेला तर तिसरी खेप होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गाणं पुढे गेल्याने रविवारी तिरुवैयारुला एका लग्नाला जायचं ठरलं होतं. सकाळी तिने डोकं दुखतं म्हणून सांगितलं. "तुम्ही जाऊन या अप्पा."

"मलाहि उन्हांत होत नाहीं," अप्पा म्हणाले.

ती पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली. कान गल्लीत. ऑटो थांबली की उठायची, खिडकीतून बघायची, परत बसायची. एकदा समोरच्यांचा गॅस आला. एकदा कुणीतरी बँकेचा पत्ता विचारायला थांबलं आणि त्याच्या खांद्यावरची बॅग बघून ती दारापर्यंत धावली. दुपारी तिने दही भात कालवला, अप्पांना हाक मारली. ते आले, जेवले आणि पुन्हा बाहेर ओट्यावर गेले. उन्हं उतरली. गल्लीत पोरांनी क्रिकेट मांडलं. कुणी आलं नाही.

दिवेलागणीला ती कापी, म्हणजे कॉफी, घेऊन बाहेर गेली आणि तेव्हा तिने अप्पांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता. कमरेला जरीकाठाची वेष्टी, धोतर म्हणा, जी फक्त लग्नाकार्याला ट्रंकेतून निघायची. दाढी सकाळीच केलेली. मांडीवर पेपर होता आणि तो सकाळी होता त्याच पानावर उघडा होता.

जयश्रीला आधी कळेना. मग कळलं, आणि ती तिथेच ओट्यावर बसली. ती दिवसभर आत वाट बघत होती आणि हे दिवसभर बाहेर.

"तुम्हाला कोणें सांगितलें?" तिने विचारलं.

"तूं रोज सकाळीं त्या यंत्रांत काय बघतीस, मला दिसत नाहीं कां? मोठ्यानें वाचतीस तूं. लहानपणची खोड." अप्पांनी कापीचा डबरा, ती पितळेची वाटी, हातात धरून ठेवला. "फिनलंड, एक. फिनलंड, एक. वर्ष झालें ऐकूंलागलों आहें."

"तें दुसरें कांहींहि असूं शकतें, अप्पा. कार्तिक म्हणतो, यंत्रच असेल."

"असेल," ते म्हणाले. "पण तो आत येत नाहीं, हेंहि वाचतीस. उघडलें, शून्य."

"हो."

"कसा येईल? बोलावणारा कोण, तें लिहिलें आहे कां त्यांत?"

तिने मोबाइल पुढे केला. ती एकुलती पिवळी खूण त्यांच्या चष्म्याजवळ नेली. आयोजक नाही. तंजावरच्या या मराठी घरांत एक रीत आहे. मुंज असो, लग्न असो, श्राद्ध असो, आमंत्रण घराच्या यजमानाच्या नावानेच जातं. यजमानाचं नाव नसलेली पत्रिका आली तर माणसं ती बाजूला ठेवतात, रागाने नव्हे, ते आमंत्रणच नाही म्हणून. हे श्रीहर्षला ठाऊक होतं, जयश्रीला ठाऊक होतं, आणि ज्यांनी ‘नको’ म्हटलं होतं त्यांना सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

"तें मीं बोलूं नये होतें," अप्पा म्हणाले. कोणतं, ते तिने विचारलं नाही. "मी त्याची वाट बघूं शकलों असतों त्या रात्रीं. मला भीति वाटली. तिला तसें पडलेलें रात्रभर बघायची मला भीति वाटली, जया. आणि तो आल्यावर माझी भीति त्याच्या अंगावर टाकली."

जयश्रीला वडिलांची इतकी कणव कधीच आली नव्हती, आणि त्यांच्यावर इतका रागही. एवढं एक वाक्य त्या सकाळी दारात बोलले असते तर. तिने डोळे पुसले आणि मोबाइल मांडीवर घेतला.

"मग नाव घालूं?"

"घाल. पण बाळकृष्णराव तें गांवाला. त्याला कोण बाळकृष्णराव? खालीं आपल्या भाषेंत लिही, अप्पा बोलावूंलागलेत म्हणून."

तिने आयोजकाच्या जागी नाव घातलं. आणि कार्यक्रमाच्या वर्णनात, जे शोधात बाहेरच्या बाहेर दिसतं, तिथे इंग्रजी अक्षरांत ते वाक्य लिहिलं. तपासणीला पाठवलं. पिवळी खूण गेली. वर्णनात काय लिहिलंय, कुणाचे अप्पा, कुणाला बोलावतायत, यंत्राने काही विचारलं नाही.

त्यानंतर सकाळ झाली की अप्पा कापी घेऊन तिच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. पूर्वी लपूनछपून ऐकायचे, आता उघड. "आज कोठून?" ती वाचायची. आकडे दोन दिवस उशिराचे असतात हेही आता त्यांना पाठ झालं होतं. भारत. अमेरिका. सिंगापूर. मग ते थांबायचे, कापीही थांबायची. फिनलंड, एक. की मग घोट.

एका सकाळी ती वाचता वाचता अडखळली. दिसलं, एक. उघडलं, एक.

"म्हणजे काय?" अप्पांनी विचारलं.

"म्हणजे पान उघडलें, अप्पा. आत आला."

अप्पा कापी तशीच ठेवून देवघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्या दिवशी रसम उतू गेलं आणि जयश्री एकटीच हसली, मग रडली.

ती ओळ रोज येऊ लागली. एकदा, दोनदा, कधी एका दिवसात चारदा. आषाढ लागला. शांभवीने पेटी आणून ठेवली, तंबोऱ्याच्या तारा बदलल्या, स्वैपाक्याला किती पानं ते सांगून झालं. पापनाशमच्या बाईने बारशातल्या बाळासकट येणार म्हणून कळवलं. घरात एवढी गडबड, पण बापलेकीचा जीव टांगणीला लागला होता तो सकाळच्या त्या एका ओळीवर.

आणि सप्तमीच्या आदल्या सकाळी ती ओळ नव्हती.

जयश्रीने पान पुन्हा उघडलं. यादी तळापर्यंत नेली. भारत, अमेरिका, सिंगापूर, श्रीलंका. परवाच्या दिवशी फिनलंडातून कुणीही ते पान पाहिलं नव्हतं. उघडणं राहो, दिसलंही नव्हतं. इतके दिवस लागोपाठ येणारा माणूस नेमका आता थांबला. तिच्या मनात आलं, त्याने वाचलं, चार दिवस विचार केला, आणि ठरवलं की नको. किंवा कार्तिकचंच खरं होतं आणि तो कुठला तरी सर्व्हर होता, जो परवा बंद पडला.

अप्पा मागे येऊन उभे होते. त्यांना थापा मारता येतील का, असा विचार तिने केला. एक आकडाच तर सांगायचा होता. पण रोज मोठ्याने वाचायची सवय असलेल्या माणसाला खोटं वाचता येत नाही.

"आज कोठून?" त्यांनी विचारलं.

"भारत. अमेरिका. सिंगापूर. श्रीलंका." ती थांबली. "फिनलंड नाहीं, अप्पा. आज कोणीच नाहीं."

अप्पांनी डबरा तोंडाला लावला आणि सावकाश एक घोट घेतला.

"मग निघाला असेल," ते म्हणाले. "स्वैपाक्याला एक पान वाढवून सांग."